रानपिंगळ्याचे वांटेकरी

पिंगळा हा शब्द आपणां सर्वांस दोन अर्थांनीं ठाऊक आहे. पहाटेच्या अंधारांत कंदील घेऊन दारीं येणारा व कुडबुडें वाजवून भविष्य सांगणारा जोशी, हा एक पिंगळा. आणि दिवेलागणीस चिंचेच्या किंवा पिंपळाच्या ढोलींतून डोळे वटारून बाहेर पाहणारें लहानसें घुबड, हा दुसरा. त्या जोशाला या पांखराची भाषा कळते, अशी लोकांची जुनी समजूत आहे. मला आज ज्या पिंगळ्याविषयीं बोलावयाचें आहे, तो या दोहोंहून निराळा. त्याचें नांव रानपिंगळा. तो गांवांत येत नाहीं आणि भविष्यही सांगत नाहीं. उलट त्याचें स्वतःचेंच भविष्य संशयांत आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ जो पक्षी शास्त्रज्ञांच्या नजरेस पडला नव्हता, तो पुन्हां सांपडला तो आपल्या खानदेशांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं. म्हणून त्याची कहाणी इतरांनीं ऐकावी त्यापेक्षां आपण अधिक मन लावून ऐकली पाहिजे.

दुर्मिळ होत चाललेल्या वन्य जीवांचें रक्षण कोणीं करावें, असा प्रश्न निघाला म्हणजे शहरांतल्या माणसाचें उत्तर ठरलेलें असतें: सरकारनें करावें. सरकारी अधिकाऱ्यास विचारावें, तर तो म्हणतो कीं, रानांत राहणाऱ्या लोकांची साथ नसेल तर कायदा लंगडा पडतो. रानांतल्या माणसास विचारावें, तर तो म्हणतो, आमची चूल आधीं, पांखरूं मागून. आणि शास्त्रज्ञ म्हणतो कीं, या जीवाची पुरती माहितीच अजून हातीं आलेली नाहीं. चौघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें आहे. पण चौघेही आपापल्या जागीं बसून राहिले, तर तो जीव मात्र मरतो. आपल्याकडे वांट्यानें शेत करण्याची चाल जुनी आहे. एकाची जमीन, दुसऱ्याचे बैल, तिसऱ्याचे श्रम, आणि पीक हातीं आल्यावर ठरावाप्रमाणें वांटणी. कोणा एकापाशीं सर्व साधनें नसतांही शेत पिकतें, तें या वांट्यामुळें. वन्य जीवांच्या रक्षणाचें शेतही असेंच वांट्यानें करावें लागतें, हें मला रानपिंगळ्याच्या उदाहरणानें दाखवावयाचें आहे.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून घेऊं. आकारानें तो सुमारें साळुंकीएवढा. आपल्या नेहमींच्या पिंगळ्याच्या माथ्यावर व पाठीवर पांढरे ठिपके दाट विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. पोटाचा खालचा भाग पांढरा स्वच्छ. पंखांवर व शेंपटीवर रुंद पांढरे पट्टे. डोकें आणि चोंच अंगाच्या मानानें मोठीं, पाय भक्कम. घुबड हें रात्रीं हिंडणारें, असा पाठ आपण लहानपणीं शिकलों. पण हा पक्षी दिवसां जागा असतो. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत सागाच्या किंवा सालईच्या उघड्या फांदीच्या टोंकावर तो बसतो, शेंपटी या बाजूहून त्या बाजूस झटक्यानें हालवितो, आणि खालीं सरडा, उंदीर किंवा टोळ दिसतांच त्यावर झडप घालतो. झाडाच्या ढोलींत त्याचें घरटें असतें. विणीचा हंगाम पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. मादी अंडीं उबवीत बसली कीं तिला, आणि पुढें पिलांना, भक्ष्य आणून देण्याचें काम मुख्यतः नराकडे असतें. उंदीर हें त्याच्या आहारांतील मोठें भक्ष्य असल्यामुळें रानाच्या कडेला शेत असलेल्या शेतकऱ्याचा तो न बोलावतां आलेला चाकरच म्हणावयाचा.

या पक्ष्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८७३ सालीं प्रसिद्ध झालें. तें लिहिणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे म्हणून ह्यूमसाहेबांचें नांव आपणांस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित आहे; परंतु हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतही ते एक होते, हें थोड्यांस ठाऊक असतें. ब्लेविट नांवाच्या गृहस्थांनीं १८७२ च्या डिसेंबरांत, आज छत्तीसगड राज्यांत असलेल्या फुलझरच्या बाजूस, हा पक्षी मिळविला होता. म्हणून ह्यूम यांनीं पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत त्यांचें नांव गुंफलें. पुढें जेम्स डेव्हिडसन हे मुलकी नोकरींतील अधिकारी खानदेशांत असतां त्यांना हा पक्षी येथें आढळला व त्यांनीं त्याचे नमुने जमविले. १८८४ सालचा त्यांचा नमुना हा शेवटचा ठरला. तोंपर्यंत जगांत जमलेले सारे नमुने अवघे सात! ते संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन पडले आणि जिवंत रानपिंगळा शास्त्राच्या दृष्टीआड झाला.

पुढें त्याचा शोध कोणीं घेतलाच नाहीं, असें नव्हे. सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञांनींही त्याचा मागोवा घेतला. पण पक्षी हातीं लागला नाहीं. साध्या पिंगळ्याशीं असलेल्या साम्यामुळें ओळखण्यांत घोटाळे होत, हें एक कारण. दुसरें कारण अधिक खेदजनक आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागन या नांवाचे ब्रिटिश सैन्यांतील एक कर्नल पक्षिशास्त्रांत मोठे अधिकारी मानले जात. त्यांच्या संग्रहांत रानपिंगळ्याचा एक नमुना होता, व तो आपण १९१४ सालीं तापीच्या कांठीं, गुजरातेंतील मांडवी येथें मिळविला, असें त्यांनीं त्यास बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलें होतें. १८८४ नंतरचा तेवढाच पुरावा उपलब्ध असल्यामुळें तो खरा धरून चालणें साहजिक होतें. अमेरिकेच्या डॉ. पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे डॉ. नायजेल कॉलर यांनीं हा नमुना बारकाईनें तपासला. क्ष-किरणांच्या साह्यानें आंतील बांधणी पाहिली, भरण व टांके पाहिले. तेव्हां असें दिसून आलें कीं, डेव्हिडसन यांनीं खानदेशांत मिळविलेलाच एक जुना नमुना संग्रहालयांतून चोरून, पुन्हां भरून व नवी चिठ्ठी बांधून तो आपला म्हणून मांडलेला होता. हा सारा तपशील १९९९ सालीं प्रसिद्ध झाला.

श्रोतेहो, एका माणसानें कीर्तीच्या लोभानें लिहिलेली एक चिठ्ठी अनेकांच्या वाटेंत कशी आडवी येते, याचा आपण विचार करावा. वांट्याच्या शेतींत सर्वांत आधीं काय लागतें? चोख हिशेब. एक वांटेकरी खोटा आंकडा सांगूं लागला, तर बाकीच्यांचे श्रम वायां जातात. शास्त्रांतही तेंच आहे. कोठें, केव्हां आणि काय पाहिलें याची खरी नोंद ही सर्व सहकार्याची पहिली अट आहे.

तो संशयास्पद पुरावा बाजूस सारून डॉ. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत जुन्या, विश्वसनीय नोंदींच्या ठिकाणीं हिंडावयास निघाले. पूर्वेकडील रानांत त्यांना यश आलें नाहीं. मग ते डेव्हिडसन यांच्या खानदेशांत आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळीं शहाद्याजवळच्या डोंगरी रानांत उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा बेन किंग यांच्या दृष्टीस पडला. तिघांनीं त्यास डोळे भरून पाहिलें, त्याचीं चित्रें घेतलीं, आणि ११३ वर्षांची शोधाशोध संपली. शहादें त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें. नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १ जुलै १९९८ रोजीं, निराळा झाला.

या हकीकतींत एक गोष्ट मनाला लागते. त्या रानांतून भिल्ल आणि पावरा गुराखी पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले आहेत. दिवसाउजेडीं उघड्या फांदीवर बसणारें हें पांखरूं त्यांच्या डोळ्यांस कधीं दिसलें नसेल, असें मानणें कठीण आहे. पण त्यांची ही ओळख शास्त्राच्या वहींत उतरली नाहीं. एकीकडे संग्रहालयांत नमुने होते, पण त्यांभोंवतीं रान नव्हतें. दुसरीकडे रान होतें व तें पाहणारे डोळे होते, पण त्यांना या पांखराचें मोल सांगणारें कोणी नव्हतें. मध्यें ११३ वर्षें गेलीं. पक्षी हरवला नव्हता. त्याला ओळखणारीं माणसें एकमेकांस भेटलीं नव्हतीं.

शोधानंतर खरें काम सुरू झालें. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ सालीं, म्हणजे डेव्हिडसन यांच्या शेवटच्या नमुन्याच्या आदल्याच वर्षीं, निघाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. याच संस्थेच्या फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनीं १९९८ पासून महाराष्ट्र व मध्यप्रदेशांतील रानें पायाखालीं घातलीं. २००० सालीं त्यांनीं आपली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हां चार ठिकाणीं मिळून पंचवीसच पक्षी आढळल्याची नोंद झाली. पुढें निरनिराळ्या संस्थांच्या संशोधकांनीं हें काम चालू ठेवलें. मेळघाट हें या पक्ष्याचें मोठें आश्रयस्थान असल्याचें दिसून आलें. आपल्या जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्यांतही तो आढळला. २०१४ सालीं हौशी पक्षिनिरीक्षकांनीं तो मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यांत पाहिला, आणि सह्याद्रीच्या बाजूसही तो आहे हें प्रथम कळलें. नंतर गुजरातेंतील डांगच्या रानांतूनही वार्ता आली. अशा नव्या ठिकाणांमुळें २०१८ सालीं जागतिक यादींत त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' या वर्गांतून 'संकटग्रस्त' या वर्गांत झाली. पण यावरून कोणीं स्वस्थ बसूं नये. पक्षी वाढले म्हणून हा बदल झाला नाहीं; अधिक ठिकाणीं शोधले म्हणून अधिक सांपडले. आजही प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आंतच धरली जाते. आपल्या एखाद्या मध्यम शाळेंत जितकीं मुलें असतात, तितकेसुद्धां रानपिंगळे साऱ्या जगांत नाहींत; कारण हिंदुस्थानाबाहेर हा पक्षी कोठेंच नाहीं.

आतां त्याच्यावरील संकटांकडे वळूं. रानपिंगळ्याला घनदाट, अंधारें अरण्य नको असतें. त्याला विरळ, पानगळीचें, सागाचें रान आवडतें. मधून मधून मोकळी जागा हवी, कीं जेथें भक्ष्य दिसावें. आणि जुनीं, ढोलीचीं झाडें हवींत, कीं जेथें पिलें वाढावीं. नेमकें असेंच रान माणसालाही हवें असतें. तेथें गुरें चरतात, सरपण मिळतें, मोह आणि तेंदू मिळतो, आणि झाडें काढलीं कीं शेतीला जमीन मिळते. म्हणजे पक्ष्याचें घर आणि गरीब माणसाची शिदोरी एकाच उतारावर आहे. सातपुड्याच्या या रांगेंत शेतीसाठीं रान तोडण्याचें प्रमाण गेल्या कांहीं दशकांत फार वाढलें. तळोद्याच्या व यावलच्या बाजूस तें कोणाच्याही डोळ्यांत भरतें. जुनें झाड वाळलें कीं तें सरपणासाठीं आधीं पडतें, आणि पक्ष्याला ढोल मिळते ती बहुधा जुन्या झाडांतच. मोहाचीं फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून पाला पेटवितात. त्या वणव्यांत पोखरलेलें खोड पेटलें कीं घरटें गेलें. मुलांच्या हातीं गलोल असते. उंदरांसाठीं घातलेलें विष उंदराच्या पोटांतून घुबडाच्या पोटांत जाऊं शकतें. आणि या सर्वांवर कडी म्हणजे आपली समजूत. घुबड अशुभ, म्हणून त्यास दगड मारावयाचा; आणि त्याच्याच नखांत व पिसांत सिद्धि आहे, म्हणून चोरून विकत घ्यावयाचें! दिवाळीच्या सुमारास लक्ष्मीच्या लोभानें घुबडांचे बळी देण्याचे प्रकार देशांत आजही घडतात. घुबड अशुभ असेल तर तें स्वतःलाच, असें म्हणण्याची पाळी आपण आणली आहे.

अशा स्थितींत एकेक वांटेकऱ्याचें काम काय, तें पाहूं.

पहिला वांटेकरी वनखातें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपिंगळ्यास सर्वांत कडक संरक्षण दिलें आहे. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. यावलचें अभयारण्य १९६९ पासून असून त्याचें क्षेत्र सुमारें पावणेदोनशे चौरस किलोमीटर आहे. ही चौकट नसती तर बोलावयास रानच उरलें नसतें, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु चौकट म्हणजे घर नव्हे. एका वनरक्षकाच्या वांट्यास मैलोगणती रान येतें. रात्रीं पडणारी कुऱ्हाड त्याला ऐकूं येईलच असें नाहीं. शिवाय कित्येक रानपिंगळे अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या रानांत राहतात. हद्दीची खूण पक्ष्यास वाचतां येत नाहीं.

दुसरा वांटेकरी रानांत राहणारा माणूस, आणि माझ्या मतें हाच मुख्य. त्याला वगळून केलेलें रक्षण टिकत नाहीं. त्याला शत्रु मानून केलेलें रक्षण तर उलटतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला, तसाच गांवानें आपलें सामाईक रान राखण्याचा अधिकारही मान्य केला. या दुसऱ्या भागाकडे आपलें लक्ष कमी जातें. हक्क आणि राखण हे एकाच नाण्याचे दोन भाग आहेत, हें धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्याच्या बारीपाडा या छोट्या गांवानें दाखवून दिलें आहे. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें या गांवानें १९९० नंतरच्या काळांत सुमारें चारशे हेक्टर उजाड रान स्वतःहून राखावयास घेतलें. झाड तोडणाऱ्यास दंड ठरविला, राखणदार ठेवला, आणि नियम गांवानेंच केल्यामुळें गांवानेंच पाळला. रान फुटलें, विहिरींना पाणी आलें, रानभाज्या परतल्या. २०२५ सालीं श्री. पवार यांस पद्मश्री मिळाली. हें रान रानपिंगळ्यासाठीं राखलेलें नव्हे. गांवानें तें आपल्या पाण्यासाठीं राखलें. पण माणसाच्या पाण्यासाठीं राखलेल्या झाडांतच पांखराची ढोल असते, एवढी गोष्ट ध्यानांत आली कीं पुष्कळ भांडणें मिटतील.

मात्र राखणाऱ्याच्या पदरांत कांहीं पडलें पाहिजे. नुसत्या उपदेशावर वांटा चालत नाहीं. याचें उत्तम उदाहरण कोंकणांत आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवच्या किनाऱ्यावर समुद्रकांसवें अंडीं घालावयास येतात. पूर्वीं तीं अंडीं उकरून खाल्लीं जात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकरी व वनखातें यांच्या साह्यानें अंड्यांची राखण सुरू केली. कुंपणांत अंडीं पुरून ठेवावयाचीं आणि पिलें निघालीं कीं समुद्रांत सोडावयाचीं. हा सोहळा पाहण्यास शहरांतून लोक येऊं लागले व गांवांतल्याच घरांत उतरूं लागले. जीं अंडीं एकदां खाऊन संपत, तींच आतां दर वर्षीं गांवाला चार पैसे मिळवून देतात. संस्थेनें ज्ञान दिलें, खात्यानें अधिकार दिला, गांवानें राखण दिली, शहरानें पैसा दिला. कांसवानें फक्त आपला जुना क्रम चालू ठेवला. रानपिंगळ्याच्या बाबतींत हेंच चित्र हुबेहूब उतरेल, असा माझा दावा नाहीं. कांसव किनाऱ्यावर येतें. हा पक्षी डोंगराआड असतो, आणि त्याच्या घरट्यापाशीं गर्दी झाली तर त्याचा घातच होईल. पण तत्त्व तेंच आहे. सातपुड्यांतील ज्या पाड्यानें आपलीं ढोलीचीं झाडें राखलीं, त्यास राखणीची मजुरी, वाट दाखविण्याचें काम, सरपणाऐवजीं दुसरें इंधन, यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्यक्ष मिळालें पाहिजे.

तिसरा वांटेकरी अभ्यासक; त्यांत हौशी निरीक्षकही आले. तानसाचा शोध हौशी मंडळींचा आहे, यावरून त्यांचें मोल दिसतें. पण त्यांनींही कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. घरट्याजवळ कॅमेरे घेऊन घोळका करूं नये. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यास पुनःपुन्हां बोलावूं नये, कारण तो आपला शत्रु आला असें समजून भक्ष्य शोधण्याचें सोडून झुंजावयास येतो. घरट्याचा नेमका पत्ता चहूंकडे पसरवूं नये. जें कळलें तें ज्या गांवांत कळलें त्या गांवच्या लोकांना त्यांच्या भाषेंत सांगावें. रानांतून माहिती घ्यावयाची आणि विलायती मासिकांत छापावयाची, एवढ्यानें वांट्याचा हिशेब पुरा होत नाहीं.

चौथे वांटेकरी आपण, शहरांतलीं घरें. आपला या पक्ष्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. भुसावळहून स्वच्छ दिवशीं उत्तरेकडे पाहिलें तर सातपुड्याची निळी रेघ दिसते. त्या उतारावर पडणारा पाऊस पायथ्याच्या थरांत मुरतो, आणि तेंच पाणी यावल-रावेरच्या केळीच्या बागांस विहिरींतून मिळतें. उतारावरचीं झाडें गेलीं तर पाणी मुरण्याऐवजीं माती घेऊन वाहून जाईल. रानपिंगळा ज्या जुन्या झाडावर बसतो, तें झाड अशा रीतीनें आपल्याही ताटाशीं जोडलेलें आहे. दुसरें असें कीं, चोरून तोडलेला साग पाड्यांत राहत नाहीं. तो शहरांत येतो आणि आपल्या पलंगांत, दारांत व देवघरांत बसतो. लांकूड घेतांना तें कोठून आलें याची पावती मागणें, घुबडाच्या नांवानें चालणाऱ्या मंत्रतंत्रास घरांत थारा न देणें, कोठें घुबड विकावयास आलेलें दिसलें तर वनखात्यास कळविणें, आणि घरच्या मुलांना या पांखराचें अशुभ नांव न शिकवितां खरें नांव शिकविणें, एवढें तर प्रत्येक घरास विनाखर्च करतां येईल. मी जन्मभर शाळेंत शिकविलें आहे. मुलांच्या मनांतील भीति काढावयास एक तास पुरतो, पण म्हाताऱ्यांच्या मनांतील काढावयास एक पिढी जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आरंभ मुलांपासून करावा.

या चौघांस एकत्र कोणीं आणावें, हा शेवटचा प्रश्न. भुसावळच्या माणसास त्याचें उत्तर रुळांवर दिसतें. गाडी सुटते तेव्हां प्रवाशाला इंजिन तेवढें दिसतें. पण उन्हातान्हांत रूळ तपासीत चालणारा गँगमन, सिग्नल सांभाळणारा माणूस, शेवटच्या डब्यांतला गार्ड, यांपैकीं एकही चुकला तर इंजिनाचें सारें बळ फुकट जातें. हे सर्व रोज एकत्र बसत नाहींत, त्यांची एकमेकांशीं फारशी ओळखही नसते. तरी गाडी चालते. कारण प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें, एकाची खूण दुसऱ्यास समजते, आणि दिलेली खूण खोटी नसते. वन्य जीवांच्या रक्षणांतही याच तीन गोष्टी हव्यात. कामाची वांटणी स्पष्ट हवी. खात्याची भाषा पाड्यास आणि पाड्याची भाषा खात्यास कळली पाहिजे. आणि नोंद खरी हवी. चौथी गोष्ट धीराची. गाडी एक दिवस चालवून भागत नाहीं. सप्ताह साजरा करावा, फलक लावावे, भाषणें व्हावीं आणि पुढल्या वर्षापर्यंत सारें सामसूम, अशानें कोणताही जीव वाचलेला नाहीं. बारीपाड्याचें रान एका पावसाळ्यांत वाढलें नाहीं आणि वेळासचीं पिलें एका वर्षांत नांवारूपास आलीं नाहींत.

रानपिंगळ्यानें आपणांस एक दुर्मिळ संधि दिली आहे. एकदां गेलेला जीव परत येत नाहीं, हा सृष्टीचा कठोर नियम. शिकारी चित्ता आपल्या रानांतून गेला तो आपल्या डोळ्यांदेखत गेला. २०२२ सालीं मध्यप्रदेशांत चित्ते आणावे लागले ते आफ्रिकेंतून. रानपिंगळा मात्र गेला असें वाटतां वाटतां राहिला आहे. त्याला बाहेरून कोठून आणावयाचें म्हटलें तर जगांत दुसरें ठिकाण नाहीं. पुढील शंभर वर्षांनीं कोणी पक्षिशास्त्रज्ञ पुन्हां शहादें, यावल किंवा तोरणमाळ या नांवांचा शोध घेत येईल, तेव्हां त्याला तो जिवंत फांदीवर दिसावा कीं संग्रहालयाच्या चिठ्ठीवर वाचावा लागावा, हें त्या पक्ष्याच्या हातीं नाहीं. तें वांटेकऱ्यांच्या हातीं आहे, आणि त्या वांट्यांतला एक भाग आपला आहे.